माकडताप: उंदराच्या पिल्लांपासून बॅटरीवरच्या यंत्रापर्यंत

१९५७ चा मार्च. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडं मरून पडू लागली. आसपासच्या गावांतली माणसं तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला, म्हणजे आजच्या एनआयव्हीला (राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला), धास्ती होती पीतज्वराची. निघाला वेगळाच विषाणू, माकडतापाचा, आणि तो पसरवणारी गोचीड.

त्या काळी विषाणू शोधायचा म्हणजे नमुना उंदराच्या नवजात पिल्लांच्या मेंदूत टोचायचा आणि पिल्लं आजारी पडतात का, ते बघत बसायचं. उत्तर यायला दिवसच्या दिवस जात. त्यात विषाणू जिवंत, त्यामुळे प्रयोगशाळेतल्या माणसांनाच लागण व्हायची.

२०१२ मध्ये एनआयव्हीने आरटी-पीसीआर आणि एलायझा या दोन्ही चाचण्या मांडल्या. सुरुवातीच्या दिवसांत विषाणू रक्तात सापडतो, तिथे पीसीआर. पुढे शरीरात विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार होतात, तिथे एलायझा. ताप नेमका कधी भरला हे नीट विचारलं नाही, तर चांगली चाचणीसुद्धा फसते.

२०१६ मध्ये हा ताप सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात पसरला. काजूचा हंगाम आणि गोचिडीच्या पिल्लांचा सुळसुळाट एकाच वेळी! बागेत पाचोळ्यातून वावरल्याशिवाय बोंडू गोळा होणार कसे?

माकडतापावर नेमकं औषध नाही. मग चाचणी कशाला? कारण डेंगी, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आणि माकडताप यांची सुरुवात जवळपास सारखीच, आणि लेप्टोवर औषध आहे.

पण नमुना बर्फात घालून, घाट चढून पुण्याला जायचा. माझ्या मते खरी अडचण चाचणीची नव्हतीच, ती या अंतराची होती.

इथे कामाला येतं गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट. क्षयरोगाच्या तपासणीमुळे नावारूपाला आलेलं हे यंत्र बॅटरीवर चालतं. नमुना आधी एका द्रावणात मिसळतात, त्यात विषाणू निष्क्रिय होतो. मग त्यातून जनुकीय द्रव्य वेगळं करतात आणि त्याचा थेंब एका छोट्या चिपवर सोडतात. तासाभरात निकाल पडद्यावर. माकडतापाची चिपही एनआयव्हीच्या साथीने तयार झाली.

अर्थात उशिरा आलेल्या रुग्णाचा निकाल निगेटिव्ह आला, तरी एलायझा करावीच लागते. आणि तपासणी फक्त माणसांची नाही. जंगलात मेलेलं माकड, पाचोळ्यातून वेचलेल्या गोचिडी, यांचेही नमुने जातात. पुढचा रुग्ण कुठल्या वाडीत सापडेल, याचा अंदाज बऱ्याचदा तिथूनच येतो.