तेरा ते एकोणीस

(दृश्य: गावाबाहेर उभ्या ट्रॉल्या, सामान चढतंय)

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. पिठाचे डबे, अंथरुणं, कोयते, एखादी शेळी, आणि सगळ्यांच्या वर पोरं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली. खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात पाळी चुकली तर विचारायचं कुणाला?

म्हणून आशाताई आजच ओसरीवर कॅलेंडर घेऊन बसली आहे. बायका भोवती, आणि दाराशी एक नवरा. त्याला तिनंच बोलावलंय. बरं केलं.

(दृश्य: कॅलेंडर, लाल पेन)

भोवतीच्या एकीची तारीख, ४ ऑक्टोबर, तिला गोल. पाळीचा पहिला दिवस हा. अंगावर जायला लागलं तो दिवस धरायचा, डोक्यावरून न्हाली तो नव्हे. मोजणी पुष्कळदा इथंच फसते.

हिची पाळी २८ दिवसांनी येते. म्हणजे पुढची १ नोव्हेंबरला. तिथून १४ दिवस मागं या: १८ तारीख. त्या सुमारास स्त्रीबीज सुटतं आणि जेमतेम एक दिवस जगतं. पुरुषाचं बीज मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरतं. म्हणून पेन १३ वरून निघतं ते १९ वर थांबतं. दिवस जायची शक्यता सगळ्यात जास्त ती या रेघेत.

आता तिची जाऊ. तारीख तीच, ४. पण हिची पाळी २४ दिवसांवर. रेघ सुरू होते ९ ला, न्हाणं होतं न होतं तोच! ‘पाळीनंतर आठ दिवस काही होत नाही’ ही समजूत हिच्या बाबतीत पार उलटी.

आणि ही रेघ काही दगडावरची नव्हे. जागरण, ताप, अंगमोड काम यानं बीज मागंपुढं होतं. जिची पाळी कधीही येते तिनं यावर विसंबूच नये. बाळ अंगावर पितंय म्हणून निर्धास्त राहणाऱ्या बायकाही इथं आहेत. ते खरं कधी? बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसा-रात्री फक्त अंगावरचंच पीत असेल आणि पाळी परत आली नसेल तेव्हा. तिन्ही हवं.

(दृश्य: आशाताईची पिशवी, तातडीच्या गर्भनिरोधक गोळीचं पाकीट)

काही न वापरता संबंध आला, तर ही गोळी ७२ तासांच्या आत. जितकी लवकर तितकी बरी. मेडिकलवर चिठ्ठीशिवाय मिळते. ती बीज सुटणं लांबवते. बीज सुटून गेलं असेल तर फारसा उपयोग नाही. राहिलेला गर्भ तिनं पडत नाही. आणि गोळी घेतली म्हणून पुढच्या रात्रीची काळजी मिटली असंही नाही. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षा खात्रीची.

(दृश्य: दिवस गेलेत का ते तपासायचं निश्चय किट, दोन रेघा)

पाळी चुकली की सकाळची पहिली लघवी, दोन-तीन थेंब. तारखांचा पत्ता नसेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. दोन रेघा आल्या आणि मूल नको असेल, तर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं कायद्यानं गर्भपात होतो. अठरा पूर्ण झालेल्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही.