घसरलेल्या क्लबांना पॅराशूट: आधार की आघाडी?

नमस्कार. इंग्लंडच्या प्रीमियर लीग या अव्वल फुटबॉल श्रेणीतून दरवर्षी तळाचे तीन क्लब चॅम्पियनशिप या दुसऱ्या श्रेणीत घसरतात आणि तरीही पुढची दोन-तीन वर्षे प्रीमियर लीगच त्यांना पैसे देत राहते. या मदतीला ‘पॅराशूट पेमेंट’ म्हणतात. प्रक्षेपण हक्कांच्या उत्पन्नातला जो भाग क्लबांमध्ये समान वाटला जातो, त्यातील एका क्लबाच्या वाट्याच्या 55 टक्के रक्कम पहिल्या वर्षी, 45 टक्के दुसऱ्या वर्षी आणि, क्लब वर एकाहून अधिक हंगाम टिकला असेल तर, 20 टक्के तिसऱ्या वर्षी मिळते.

यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. खेळाडूंचे करार अनेक वर्षांचे असतात, उत्पन्न मात्र एका मे महिन्यात कोसळते. हा आधार नसता, तर नव्याने वर आलेला क्लब महागडा खेळाडू घ्यायला धजावलाच नसता.

प्रश्न आहे तो इतरांचा. चॅम्पियनशिपमधल्या बाकीच्या क्लबांना प्रीमियर लीगकडून वर्षाला साधारण 50 लाख पाउंड मिळतात, तर नुकत्याच घसरलेल्या क्लबाला पहिल्याच वर्षी 4 कोटींहून अधिक. खेळायचे मात्र दोघांनी तेच 46 सामने. फुलहॅम 2018 ते 2022 या काळात वर, खाली, वर, खाली आणि पुन्हा वर गेला. पॅराशूट मिळणाऱ्या अशा क्लबांच्या बरोबरीने खर्च करू पाहणाऱ्यांना तीन वर्षांत 3.9 कोटी पाउंड तोट्याची मर्यादा आड येते. दिवाळखोरीत गेलेल्या डर्बी काउंटीचे 2021-22 मध्ये हिशेबातल्या उल्लंघनांसह एकूण 21 गुण कापले गेले आणि तो क्लब तिसऱ्या श्रेणीत गेला.

अर्थात, पैसा हाती आला म्हणजे मैदान मारले असे नाही. पुण्याच्या वेंकीजने 2010 मध्ये घेतलेला ब्लॅकबर्न रोव्हर्स, म्हणजे 1995 चा प्रीमियर लीग विजेता, 2012 मध्ये घसरला आणि पॅराशूट मिळूनही 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. उलट ल्यूटन 2023 मध्ये पॅराशूटविना वर गेला. तिथल्या जुन्या मैदानात पाहुण्या प्रेक्षकांना चाळवजा घरांच्या रांगेतून, लोकांच्या परसांवरून वाट काढत जावे लागते! पुढच्याच हंगामात ल्यूटन खाली परतला.

माझ्या मते दोष पॅराशूटचा कमी आणि दोन श्रेणींमधल्या कड्याचा अधिक आहे. 2025 च्या कायद्याने नेमलेल्या स्वतंत्र नियामकाला, प्रीमियर लीग आणि खालच्या श्रेणी चालवणारी लीग यांचे पैशांच्या वाटपावर एकमत न झाल्यास, पॅराशूटसह या प्रश्नात हस्तक्षेप करता येतो. त्याने नुसते 55 टक्के कापले आणि 50 लाख तसेच ठेवले, तर चॅम्पियनशिप समतोल दिसेल, पण वर जाणारे क्लब आणखी दुबळे असतील.