नर्स घडवायला नर्सच लागते

नागपूरचं मेडिकल. १९४७ पासूनचं हे शासकीय कॉलेज आणि हॉस्पिटल, ऑटोवाल्याला नुसतं 'मेडिकल' म्हटलं तरी पुरतं. गडचिरोली, गोंदिया, तिकडे छिंदवाडा, बालाघाट, सगळीकडचे पेशंट इथे येतात.

आत्ता शिफ्ट बदलतेय. रात्रीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरना ओव्हर देतायत, कुणाचं सलाईन किती उरलंय, कुणाचा बीपी रात्री घसरला होता, कुणाला ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलंय, एकेक बेड करत.

मागे डायरी घेऊन उभ्या आहेत त्या स्टुडंट. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, तो तीन वर्षांचा, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, मग महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी, तेव्हा कुठे रजिस्टर्ड नर्स.

आता ही लॅब बघा. चादर अशी ताणून कोपरा दुमडायचा की सुरकुती राहायला नको, कारण झोपून असलेल्या पेशंटच्या पाठीला तिथूनच जखम सुरू होऊ शकते. मग डमीवर इंजेक्शन. स्नायूत द्यायचं तर सुई ९० अंशात, कातडीत द्यायचं तर जवळजवळ आडवी, आणि दर वेळी तोंडाने म्हणायचं, राइट पेशंट, राइट ड्रग, राइट डोस, राइट रूट, राइट टाइम. चुकलं की मॅडम परत पहिल्यापासून करायला लावतात.

हे मोठ्या हॉलमध्ये माइकवरून शिकवता येत नाही, शेजारी उभं राहावं लागतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियमच आहे, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक. जागा वाढवायच्या म्हटलं की गाडी इथे अडते, कारण या मॅडमसुद्धा नर्सच आहेत, वॉर्डालाही त्याच हव्यात आणि कॉलेजलाही त्याच.

२०२३च्या केंद्रीय बजेटमध्ये १५७ नवीन नर्सिंग कॉलेज जाहीर झाले, चांगलंच झालं, बिल्डिंग उभी होईलही, पण बी.एस्सी.ची चार, एम.एस्सी.ची दोन, वर वॉर्डातला अनुभव, एवढं झाल्याशिवाय शिकवणारी मॅडम तयार होत नाही.

तोपर्यंत एका सिस्टरवर दोघींचं काम, आणि सलाईन संपलं का ते नातेवाईकच बघत बसतात.

म्हणून कॉलेजच्या आकड्याआधी एम.एस्सी. नर्सिंगच्या जागा वाढवा, वॉर्डातल्या सिस्टरला पगार चालू ठेवून शिकायला सोडा, आणि तिच्या जागी बदली माणूस द्या, नाहीतर तिची इन्चार्ज तिला सोडणार कशी?