कयाक उलटल्यावर

नमस्कार. उद्या सकाळी आपण धरणाच्या शांत पाण्यावर जमणार आहोत. त्याआधी आज जमिनीवर बसून बोलून घेऊ, कारण डोकं पाण्याखाली असताना कुणाला काही समजावता येत नाही.

आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी एकच विचारलं, रोल कधी शिकवणार? उलटलेल्या कयाकमधून, म्हणजे या अरुंद, वरून झाकलेल्या बोटीतून, बाहेर न पडता माणूस वल्ह्याच्या एका फटक्यात सरळ होतो, ते बघायला फार सुंदर असतं. रोल मी शिकवणार आहेच. पण रोल फसला तर पुढे काय करायचं हे ज्याच्या अंगात मुरलेलं नसतं, त्याचा रोल ऐन वेळी हटकून फसतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलोय. घाबरलेला माणूस श्वासासाठी आधी डोकं वर काढतो आणि तिथेच सगळं बिघडतं.

का बिघडतं, ते सांगतो. समजा तुम्ही उजव्या बाजूने वर येताय. बोट सरळ करतो तो उजवा गुडघा. तो बोटीच्या आतल्या वरच्या टेकूला दाबायचा आणि कंबरेतून झटका द्यायचा, की बोट तुमच्याखाली फिरते. आता डोकं घाईने वर उचलून बघा. डावी कूस आखडते, डावा गुडघा आपोआप वर दाबला जातो आणि सरळ होत आलेली बोट पुन्हा तुमच्या अंगावर येते. म्हणून कान पाण्याला टेकलेला ठेवायचा, नजर वल्ह्याच्या पात्यावर आणि डोकं सगळ्यात शेवटी. ताकदवान मुलांना हे उशिरा जमतं, कारण ती दंडाच्या जोरावर वर यायला बघतात.

रोल जन्मला ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर, पोटासाठी. तिथला इनुइट शिकारी सीलच्या मागे एकटा कयाक घेऊन जायचा. पाणी इतकं थंड की बोटीतून बाहेर पडणं म्हणजे मरणच. म्हणून तो सीलच्या कातड्याचा अंगरखा घालायचा, त्याला तिथे ‘तुइलिक’ म्हणतात. चेहऱ्याभोवती, मनगटांवर आणि कॉकपिटच्या, म्हणजे बसायच्या खाचेच्या, कडेला तो आवळून बांधला की माणूस आणि बोट एकच. पण हात भाल्याच्या दोरीत अडकला तर? वल्हं हातातून सुटलं तर? या प्रत्येक ‘तर’साठी त्यांच्याकडे वेगळा रोल होता. आजही ग्रीनलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत वल्ह्याविना, नुसत्या हाताने, अगदी हातांची घडी घालूनसुद्धा रोल करून दाखवावे लागतात. प्रेक्षकांना ती कसरत वाटते. मला त्यात प्रत्येक वेळी एखादा अडकलेला शिकारी दिसतो.

युरोपात हान्स पावलाटा या ऑस्ट्रियन माणसाने 1927 साली हा रोल साधला. त्याच साली आपल्या भिऱ्याचं वीजगृह सुरू झालं. मुळशीचं पाणी तिथून खाली येतं, म्हणूनच आज कोलाडला कुंडलिकेवर आपल्याला खळाळ मिळतो. पावलाटाच्या रोलमध्ये एका हाताने पात्याचं टोक धरतात, त्यामुळे वल्हं लांब पडतं आणि तरफ जास्त मिळते. नवशिक्याला तो सोपा जातो.

पण मला सांगायचंय ते जिनो वॉटकिन्सबद्दल. हा इंग्रज तरुण 1930-31च्या मोहिमेत पूर्व ग्रीनलंडला गेला आणि तिथल्या शिकाऱ्यांकडून कयाक शिकला, रोलही शिकला. ऑगस्ट 1932मध्ये तो एकटाच सीलच्या शिकारीला गेला आणि परतलाच नाही. सोबत्यांना त्याची रिकामी कयाक तरंगताना सापडली. तो 25 वर्षांचा होता. रोल येणारा माणूस, पण शेजारी दुसरी बोट नव्हती. म्हणून माझ्या गटात कुणी एकट्याने पाण्यावर जाणार नाही, कितीही जुना असला तरी.

आता दोरीबद्दल. स्प्रे स्कर्ट म्हणजे पाणी आत येऊ नये म्हणून कंबरेला घालून कॉकपिटच्या कडेवर ताणून बसवायचं झाकण. त्याच्या पुढच्या टोकाला दोरीचा एक फास असतो. उलटल्यावर तो पुढे आणि वर ओढला की स्कर्ट सुटतो आणि तुम्ही बाहेर पडता. एकदा एका मुलीने घाईत स्कर्ट बसवला तेव्हा तो फास आतल्या बाजूला दबून राहिला. ती उलटली. मी कंबरभर पाण्यात शेजारीच उभा होतो. तिची बोटं कॉकपिटच्या कडेवरून पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली, हाताला काहीच लागेना. मी बोट सरळ केली. पाच-सहा सेकंदांचाच खेळ, पण ती बोटं अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तेव्हापासून निघण्याआधी प्रत्येकाने आपला फास हातात धरून शेजाऱ्याला दाखवायचा, असा नियम केला.

बाहेर पडल्यावर नदीत आणि मोठ्या पाण्यात वागणं वेगळं. नदीत उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, वर तरंगते, आणि तिरकं पोहत काठ गाठायचा. वाहत्या पाण्यात उभं राहू नका. दगडांच्या फटीत पाय अडकला की मागचं पाणी माणसाला आडवं करतं. समुद्रात किंवा मोठ्या जलाशयात मात्र बोट सोडायची नाही. वारा रिकामी बोट तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने नेतो. ती सरळ करायची, वल्ह्याच्या एका पात्यावर हवेची पिशवी चढवायची आणि वल्हं कॉकपिटच्या मागे आडवं टाकायचं. कोकणातल्या होडीला बाजूला उलांडी असते ना, तसाच आधार तयार होतो. मग पालथं पडून मागच्या भागावर सरकायचं, पाय आत घालायचे आणि वजन पिशवीच्या बाजूला ठेवत हळूहळू सरळ व्हायचं. नंतर पंपाने पाणी उपसायचं. हे दमल्यावर, वाऱ्यात, लाटांत करून बघा. सकाळच्या काचेसारख्या पाण्यावर जमलं, एवढ्यावर विसंबू नका.

तुमच्यातले काही जण ऋषिकेशला जाणार आहेत. गंगेचं पाणी हिमालयातून येतं. अशा पाण्यात पहिला एक मिनिट धाप लागते, श्वास आपल्या ताब्यात राहत नाही. खूपच थंड पाण्यात त्यापुढे दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. म्हणजे पिशवी फुगवायची, दोरी बांधायची ती त्याच्या आत. कपडे घालताना ऊन नका बघू, पाण्यात हात घालून बघा.

तर उद्या पहिला तास रोल नाही. मुद्दाम उलटायचं. आत बसून राहायचं, बोटीच्या तळावर तीन थापा मारायच्या, सावकाश. त्या मला ऐकू आल्या पाहिजेत. मग हात कडेवरून पुढे न्यायचा, फास शोधायचा आणि ओढायचा. दहा वेळा. थापा घाईच्या ऐकू आल्या तर अकराव्यांदा.