आता पुरे, प्रभू

श्रोतेहो, नमस्कार.

बाबा अतिदक्षता विभागात होते तेव्हाची गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेलेले. बाहेरच्या बाकावर मी मांडीवर बायबल उघडून बसले होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते आणि डोक्यात काही म्हणजे काही शिरत नव्हतं. प्रार्थना करावी म्हटलं, तर ‘प्रभू’ या शब्दापुढे गाडी जाईना. लहानपणापासून रविवार न चुकवलेली मी, आणि ऐन वेळी ही अवस्था! स्वतःचीच लाज वाटली.

तेवढ्यात आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, एक मावशी आल्या. मला वाटलं, आता वचन सांगतील, धीर धर म्हणतील. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. पाण्याची बाटली हातात दिली, पायातल्या चपला काढल्या, बाकावर माझ्याशेजारी नीट बसल्या आणि म्हणाल्या, “तू आडवी हो. डॉक्टर आले तर मी उठवते.” त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मी तीन तास झोपले. तीन दिवसांनी बाबा गेले. पण त्या तीन दिवसांत मी उभी राहू शकले, ती त्या तीन तासांच्या जोरावर.

पुढे कितीतरी दिवसांनी बायबलमधल्या पहिले राजे या पुस्तकाचा १९ वा अध्याय वाचताना मी एकदम थांबले. एलीया संदेष्टा आदल्याच अध्यायात कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा ठाकला होता. आणि आता ईजबेल राणीची धमकी येताच तो जीव घेऊन पळतो. बैर-शेब्यात चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालून जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो. आता पुरे झालं, म्हणतो.

यावर देव काय करतो? रागावत नाही. ‘तुझा विश्वास कुठे गेला?’ असंही विचारत नाही. एलीया झोपी जातो आणि देव त्याला झोपू देतो. मग देवदूत त्याला हात लावून उठवतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, पितो आणि (हे मला फार आवडतं) पुन्हा झोपतो! देवदूत दुसऱ्यांदा येतो. ऊठ, खा, तुला लांबचा पल्ला गाठायचाय, एवढंच त्याचं म्हणणं. प्रवचन नाही. त्या अन्नाच्या बळावर एलीया ४० दिवस आणि ४० रात्री चालून होरेब डोंगरावर पोचतो.

होरेबवर वारा सुटतो, भूकंप होतो, अग्नी दिसतो आणि शेवटी ती देवाची मंद वाणी. उपदेशात आपण साधारण इथवर येऊन थांबतो. पण पुढे वाचा. वाणीच्या आधी देवानं विचारलं होतं, “एलीया, तू येथे काय करतोस?” वाणीनंतरही तो तेच विचारतो. आणि एलीयाचं उत्तर? दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणं. मी एकटाच उरलोय, माझ्याही जिवावर उठलेत. एवढं दर्शन झालं, तरी त्याची तक्रार जिथल्या तिथे! देव ती दोनदा ऐकून घेतो. मग त्याला पुढचं काम देतो, त्याच्या जागी येणाऱ्या अलीशाचं नाव सांगतो आणि जाता जाता हेही सांगतो की, बआलापुढे गुडघे न टेकलेले ७००० जण इस्राएलात आहेत. तू एकटा नाहीस बाबा.

प्रेषित पौलाचं एक वचन आपण घराघरांत भिंतीवर लावतो. फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, १३ वं वचन: जो मला सामर्थ्य देतो त्याच्याकडून मी सर्व काही करू शकतो. हे तुरुंगातून लिहिलेलं पत्र आहे. पण त्याच्या लगेच खालचं, १४ वं वचन भिंतीवर लावलेलं मी तरी कुठे पाहिलेलं नाही. त्यात पौल म्हणतो, तरी माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे बरं केलंत. म्हणजे बघा, ख्रिस्ताचं सामर्थ्य तर होतंच, पण फिलिप्पै शहरातल्या मंडळीकडून मदत घेऊन एपफ्रदीत नावाचा माणूसही आला होता. त्यात तो स्वतः मरणाच्या दारी जाऊन आला, हेही त्याच पत्रात आहे. ही दोन वचनं खरं तर वेगळी करूच नयेत.

आणि ज्यांना ‘विश्वासू माणसानं रडू नये’ असं कुणी ऐकवलं असेल, त्यांनी बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडावी. १५० स्तोत्रांपैकी कितीतरी विलापाची आहेत. १३ व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत ‘किती वेळ?’ हा प्रश्न देवाला चार वेळा विचारलाय. मेलेल्या मित्राच्या, लाजारच्या, कबरेपाशी तर प्रभू येशू स्वतः रडला. तेही थोड्या वेळात त्याला उठवणार असताना.

आज रात्री तुमच्यापैकी कुणी असंच एखाद्या बाकावर बसलं असेल, तर ८८ वं स्तोत्र काढा. जेमतेम १८ वचनं आहेत. बहुतेक विलापांना शेवटी आशेचं वळण असतं, याला तेही नाही. अंधारावरच ते संपतं. तरी त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ अशी हाक मारून होते. मोठ्यानं वाचा, देवाला वाचून दाखवा. आणि तेवढंही त्राण नसेल तर मंडळीतल्या कुणाला तरी फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ते वाचतील. तुम्ही आडवे व्हा.