सोयाबीनची पावती कोणत्या भाषेत लिहायची?

[दृश्य: लातूर जिल्ह्यातलं गोदाम. काट्यावर कट्टे चढताहेत.]

ऑक्टोबर महिना. राशी उरकल्या की शेतकरी उत्पादक कंपनीच्या गोदामापुढे ट्रॅक्टरची रांग लागते. आधी वजन, मग ओलावा, मग पावती. पावती हाताने लिहायची, त्यामुळे रांग अडते ती तिथेच. हे काम संगणकावर घ्यायचं ठरलं आणि ते गावातल्याच दोन पोरांकडे आलं. थोरला लातुरात एमसीए झालेला, धाकटा नांदेडला इंजिनिअरिंग शिकलेला.

सुरुवातीला कोडची एक ओळसुद्धा लिहिली गेली नाही. वाद प्रोग्राम लिहायच्या भाषेवरून. धाकट्याला रस्ट हवी होती: वेगवान, आणि मेमरीच्या कितीतरी चुका प्रोग्राम चालायच्या आधीच पकडणारी. थोरला पीएचपीचा. स्वस्तातल्या होस्टिंगवर चालते, शिवाय ती येणारा माणूस लातुरात कुठेही सापडतो. खरं दोघांचंही होतं. पण दिवसभराच्या पावत्यांसाठी रस्टचा वेग कुणाला जाणवणार?

वाद मिटवला तो कंपनीच्या हिशेबनीसांनी. "तुम्ही बनवायलाव खरं, पण उद्या पुण्याला नोकरी लागली तर बिघडल्यावर बोलवायचं कुणाला आम्ही?"

त्यानंतर रस्टचं नाव निघालं नाही.

[दृश्य: काट्याच्या मागची केबल, लॅपटॉपपर्यंत.]

उरल्या पीएचपी आणि पायथन. इलेक्ट्रॉनिक काट्याला मागे सिरीयल पोर्ट असतो, त्यातून वजन साध्या अक्षरांत बाहेर पडतं. ते वाचायला पायथनमध्ये 'पायसिरीयल' ही मुक्त लायब्ररी, म्हणजे कुणालाही वापरता येणारा कोडचा संच, तयार आहे. चार-पाच ओळींत काम होतं.

खरी कसोटी लागली ती नावांवर. युनिकोड म्हणजे संगणकावर सगळ्या लिप्या लिहायची व्यवस्था; तिच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीच्या तीन जागा, घेतं. 'माळी' या आडनावात काना आणि वेलांटी धरून चार चिन्हं, म्हणजे बारा बाइट. पीएचपीची नेहमीची फंक्शनं, म्हणजे तयार आज्ञा, बाइट मोजतात. पावतीच्या रुंदीत बसवायला नाव कापलं की शेवटचं अक्षर मोडून तिथे चौकोन उमटतो. त्यासाठी पीएचपीत वेगळी फंक्शनं आहेत, ती वापरायची आठवण तेवढी ठेवावी लागते. पायथन 3 मुळातच युनिकोडची चिन्हं मोजते. म्हणून अडचण संपते असंही नाही: नाव भलत्या जागी कापलं तर पायथनमध्येही वेलांटी मागे राहते. निदान चौकोन येत नाही.

आणि सभासदांची जुनी यादी? ती श्रीलिपी या युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली. दिसायला मराठी, पण फॉन्ट बदलला की नुसती इंग्रजी चिन्हं. तिचं युनिकोड करण्यात जितका वेळ गेला, तितका भाषा निवडायलाही गेला नव्हता.

[दृश्य: ओलावा मोजण्याचं यंत्र.]

हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला 12 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. 2024 च्या हंगामात, खरेदी सुरू असतानाच, केंद्र सरकारने नोव्हेंबरात ही मर्यादा 15 टक्क्यांवर नेली. 12 हा आकडा कोडमध्ये कोरून ठेवला असता, तर त्या दिवशी प्रोग्रामर शोधत फिरावं लागलं असतं. भाषा पायथनच ठरली होती, म्हणून इथे तिच्यातलं जँगो हे वेबसाइट बनवायचं तयार साधन कामी आलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका वर्तमानपत्राच्या कचेरीत हे साधन घडलं आणि 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. संपादकीय विभागातल्या माणसाला मजकूर स्वतःच बदलता यावा, म्हणून त्यात अ‍ॅडमिनचं पान तयारच मिळतं. आता मर्यादा त्या पानावर आहे, आणि ती हिशेबनीस बदलतात.

डेटाबेससाठी पोस्टग्रेस घ्यावं असं दोघांनाही वाटत होतं. मोठ्या कामाला तेच शोभतं. पण गोदामात संगणक एकच, आणि लाइट केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून एसक्यूलाइट. सर्व्हर नाही, सगळा हिशेब एका फाईलमध्ये. नोंद होता होता वीज गेली तर ती नोंद पूर्ण राहते किंवा मुळीच राहत नाही, अर्धवट लोंबकळत नाही. 2050 पर्यंत ते सांभाळण्याचा त्याच्या निर्मात्यांचा जाहीर इरादा आहे. मुक्त साधनाच्या बाबतीत हे पाहावंच लागतं. रेडिससारख्या नावाजलेल्या डेटाबेसचा परवाना मार्च 2024 मध्ये बदलून मुक्त राहिला नाही, तेव्हा जुन्या मुक्त कोडवरून लोकांना 'व्हॅल्की' हा डेटाबेस वेगळा काढावा लागला.

[दृश्य: संचालक मंडळाची बैठक.]

आता शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली एक कंपनी हेच सॉफ्टवेअर मागते आहे. थोरला म्हणतो, एमआयटी परवाना लावू, ज्याला जसं वापरायचं तसं वापरू दे. धाकटा जीपीएलवर अडून बसलाय: कुणी सुधारणा करून पुढे दिलं, तर घेणाऱ्याला त्या सुधारणांचा कोडही मिळाला पाहिजे. संचालकांचा प्रश्न साधा आहे: "पैसे आपण मोजले, मग त्यांना फुकट कशापायी?" निर्णय झालेला नाही. तोवर कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो, पण परवान्याची फाईल नसल्यामुळे धाराशिवच्या कंपनीला तो आपल्या काट्यावर कायद्याने वापरता येत नाही.