ताटावर आडवा हात

नमस्कार, श्रोते हो.

चारचौघांत बोलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, लग्नाकार्यात मागच्या भिंतीला चिकटून उभं राहावंसं वाटतं. अशी माणसं घरोघरी आहेत. मानसोपचारतज्ज्ञ त्यांचं नेमकं करतो काय? हे सांगायला आधी तुम्हाला न्यूयॉर्कच्या एका बागेत न्यावं लागेल.

अल्बर्ट एलिस, पुढं नावाजलेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ. जन्म १९१३चा. लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं पुन्हा पुन्हा दवाखान्यात. पोरगा इतका लाजाळू, की मुलगी आवडली तरी जवळ जायची छाती होत नसे. १९ वर्षांचा असताना, कॉलेज उघडायला महिना होता, तेव्हा त्यानं स्वतःलाच हुकूम सोडला. ब्राँक्सच्या बॉटॅनिकल बागेत रोज जायचं. बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं. शेजारच्या नाही हं, त्याच. आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. मिनिट एकच, कारण जास्त वेळ दिला की मन पळवाट शोधतं.

महिनाभरात अशा १३० जणी झाल्या. ३० उठून चालत्या झाल्या. उरलेल्या १०० जणींशी तो बोलला: पाखरं, फुलं, हातातलं पुस्तक, विणकाम. त्या शंभरांत एकीनं भेटायचं कबूल केलं. ती एकटी! आणि ठरल्या वेळी तीही आली नाही.

आडतीवर असा हिशोब मांडला तर शेठ दुकानाला कुलूप लावेल. पण एलिसची भीती गेली. कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलीस बोलावले नाहीत. नकार मिळाला, आणि नकारापलीकडे काहीच झालं नाही. पुन्हा सांगतो, नकारापलीकडे काहीच झालं नाही.

(आजच्या पोरांनी बागेत जाऊन हा प्रयोग करू नये. समोरच्या बाईलाही शांतपणे बसायचा हक्क आहे.)

पुढं एलिसनं १९४७ मध्ये कोलंबिया विद्यापीठातून चिकित्सा मानसशास्त्रात डॉक्टरेट घेतली. काही वर्षं मनोविश्लेषण, म्हणजे मनात खोल दडलेलं बोलून बोलून उकरायची पद्धत, वापरून पाहिलं, ते फार संथ वाटलं, आणि १९५५च्या सुमारास स्वतःची पद्धत मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. तिचं म्हणणं असं: घटना आणि त्रास यांच्यामध्ये आपली समजूत बसलेली असते. ‘लोकांनी मला चांगलं म्हणावं’ ही इच्छा. ‘म्हटलंच पाहिजे’ हा हट्ट. उपचार चालतो तो हट्टावर, इच्छेवर नाही. म्हणून ‘टेन्शन घेऊ नको’ असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. टेन्शन काय ताटात वाढलेलं असतं, घेतलं नाही म्हणून उरायला?

ताटावरून आठवलं. आपल्याकडे बागेची गरजच नाही, वरण-बट्टीची पंगत आहे. आता बुफे आला. उभ्यानं, हातात प्लेट धरून बट्टी कशी कुस्करायची, हे मला कुणी दाखवून द्यावं! असो. भीती असलेल्यानं वाढायला उभं राहावं. पहिल्या पंगतीला पाण्याचा जग. तिथं बोलावं लागत नाही. पुढच्या लग्नात बट्टीचं टोपलं, मग वरण, मग घोटलेल्या वांग्यांची भाजी. प्रत्येक वेळी आधी आणि नंतर भीतीला ० ते १०० पैकी आकडा देऊन वहीत लिहायचा.

चुकतं कुठं? एकदम वरच्या पायरीला हात घातला की. दुसरं, छाती धडधडली की टोपलं टाकून मांडवाबाहेर पळालं की. पळाल्यावर जो सुटकेचा श्वास येतो, तोच मनाला शिकवतो की पळालो म्हणून वाचलो. आकडा निम्म्यावर येईपर्यंत ओळीतच राहायचं. आणि मित्राला सोबत घेऊन, मोबाईलकडे बघत वाढलं, तर श्रेय मित्राला आणि मोबाईलला जातं.

औषध लिहून देतात ते मनोविकारतज्ज्ञ, म्हणजे डॉक्टर. बोलून उपचार करणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, ते बिनधास्त विचारा. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा, १४४१६, मोफत.

तूप मात्र सगळ्यात शेवटची पायरी. तिथं आग्रह करावा लागतो: ‘घ्या ना बापू, थोडंसं!’ आणि बापू ताटावर आडवा हात धरतात. तो हात तुपाला असतो, वाढप्याला नाही. भांडं उचलायचं, पुढच्या ताटापाशी वाकायचं.